साहेबाची रेशमी पट्टी

नाडीने भर दरबारात दगा दिला आणि तांबुळगाव संस्थानच्या महाराजांची सुरवार घोट्यापर्यंत आली! चूक हुजऱ्या गेनूची. गोऱ्या साहेबाने भेट पाठवलेली लांब, निळी, रेशमी पट्टी त्याने नाडी समजून सुरवारीत ओवली होती. बिचाऱ्याने दुसरं काय समजायचं?

"सरकार, ही गळ्यात बांधतात," दिवाणजी कुजबुजले. "टाय म्हणतात."

"कशासाठी?"

"ते साहेबालाच विचारावं लागेल, सरकार."

महाराज कडाडले, "उद्या साहेब जेवायला येतोय. त्यालाच विचारून मी माझं हसं करून घेणार नाही. संध्याकाळपर्यंत हिचा उपयोग कळला नाही, तर गेनू बायकोसकट संस्थानाबाहेर!"

वैद्यबुवांनी ती घशाला गुंडाळली, ऊब येईना. शास्त्रीबुवांनी डोक्याला बांधली, ती डोळ्यांवर आली. सेनापतींनी त्या पट्टीने नाक पुसलं, तेही धड पुसलं गेलं नाही. दिवस कलला तशी गेनूची बायको धुरपा हात धुऊन दरबारात आली. ती राजवाड्याच्या गोठ्यात राबायची.

"सरकार, ही गळ्यात घालून जरा वाकून बघा."

महाराजांनी पट्टी अडकवली आणि वाकले. पट्टी समोर हात धुवायला ठेवलेल्या पाण्याच्या घंगाळात बुडाली.

"हिच्यासंगं पाणी शेंदाया जमंल? शेण काढाया? चूल फुंकाया?"

"छे!"

"मग झालं की. पोळ्याला बैलाच्या गळ्यात नवा गोंडा बांधतो आपण. त्या दिशी त्येच्या मानेवर जू ठेवत न्हाईत. ही पट्टी तशीच. लांबूनच कळतं, ह्या माणसाला काम सांगायचं न्हाई."

"वा, मग मी ही रोजच घालीन."

"तुमाला कशाला, सरकार? तुमचं न बांधताच समद्यांना ठावं हाय."

गेनूने डोळे मिटून घेतले. पण महाराज इतके हसले, इतके हसले, की त्यांना सुरवार पुन्हा सावरावी लागली.

"गेनू इथंच राहील. तुला काय हवं ते माग."

"हीच पट्टी द्या. बैलाला वर्साचा एक पोळा तरी असतो. मला त्योबी न्हाई."

महाराजांनी पट्टी पिळली आणि स्वतः तिच्या गळ्यात बांधली. मग गेनूकडे वळून म्हणाले, "ही हिच्या गळ्यात दिसेल त्या दिवशी गोठ्यातलं काम तुझं."

दुसऱ्या दिवशी साहेब आला, तर राजवाड्याच्या दाराशी, गोठ्याच्या ओट्यावर धुरपा निळा टाय लावून पाय पसरून बसलेली. आत गेनू शेण काढत होता. गळ्यातला टाय सावरत साहेबाने अदबीने टोपी काढली.

"बसा की," धुरपा सरकून म्हणाली. "तुमचाबी आज पोळा दिसतोय."