जलपर्णीचं सासर

"माझ्या लेकीचं एक पान जरी कोणी तोडलं, तरी त्याची मिशी उतरवीन!" भद्रसेन महाराजांनी दवंडी पिटवली आणि गाव कपाळाला हात लावून बसला.

लेक कोण? तर जलपर्णी! दूरदेशीच्या व्यापाऱ्याकडून आणलेलं एक रोप. त्याची जांभळी फुलं बघून महाराज असे खुळावले, की त्यांनी त्याला दत्तकच घेतलं आणि गावतळ्यात सोडलं. मग काय विचारता! दोन महिन्यांत अख्खं तळं झाकलं. खाली मासे गुदमरले, वर डास माजले, भोयांच्या होड्या जागच्या हलेनात. एक म्हैस तर कुरण समजून सरळ तळ्यात चालत गेली!

शेवटी ठकू भोईण तडक दरबारात शिरली. "महाराज, लेकीला आवरा! जाळ्यात मासा नाही. आमची पोरं उपाशी झोपतात हो!"

महाराज पक्के हट्टी. "तळं मोकळं हवंय? कर! पण मी स्वतः राजीखुशीने 'जा बाळ' म्हटलं, तरच ती जाईल. आठ दिवसांत जमलं नाही, तर भोईवाडा उठवीन!"

दुसऱ्या दिवशी ठकू नथ घालून, हातात नारळ घेऊन हजर.

"महाराज, मुलगी बघायला आलेय!"

"कोणाची?"

"तुमचीच! चांगली थोराड झाली, तळ्यात मावेना. लोक म्हणतात, राजाला स्थळच मिळत नाही!"

"कोण म्हणतं?" महाराज उखडले. "मुलगा काय करतो?"

"आमच्या मळ्याजवळचे खड्डोजीराव. खोल माणूस! कितीही वाढा, नको म्हणत नाहीत. उलटून एक शब्द बोलत नाहीत. वर्षाला पन्नास गाड्या खत कमावतात!"

प्रधान कानाशी लागले, "महाराज, तो खताचा खड्डा आहे."

"असू दे! तुळशीचं लग्न लागतं, मग माझ्या लेकीचं का नाही?"

लग्न लागलं. खड्ड्यापुढे अंतरपाट, अक्षता, सनई, सगळं! महाराजांनी डोळे पुसले. "जा बाळ, सुखाने नांद!"

"आणि तळ्यातल्या बाकीच्या?" ठकूने विचारलं. "राजाची लेक पाठराखिणीशिवाय सासरी जाते होय?"

"छे छे! सगळ्या जाऊ देत! पालखीतून!"

भोयांनी टोपल्यांच्या पालख्या केल्या. चार दिवस नुसती वरात चालली! पाचव्या दिवशी तळ्याचं पाणी लखलखलं आणि जाळ्यात मासे उड्या मारू लागले.

महाराज काठावर येऊन बघतच राहिले. "ठकू, एखादी परत माहेरपणाला आली तर?"

"येणारच ती! दर पंधरवड्याला आम्ही येऊ की सासरी न्यायला. मुळासकट!"

आता कुठे महाराजांच्या डोक्यात प्रकाश पडला. "अगं लबाडे! माझ्याच तोंडून माझ्या लेकीला घालवलंस? माग, काय बक्षीस हवं ते माग!"

ठकूने फणकाऱ्याने पाठ फिरवली. "बक्षीस? मुलाकडच्यांना कोणी बक्षीस देतं? मी तुमची विहीण! मानपान राहिलाय, मी रुसलेय! नवी होडी हवी, भोईवाड्याला कोणी हात लावायचा नाही, आणि यापुढे बाहेरून लेक, भाचा, मेव्हणा काहीही तळ्यात सोडायचं झालं, तर आधी विहिणीला विचारायचं!"

"दिलं, विहीणबाई, सगळं दिलं!" महाराज इतके गदागदा हसले, की त्यांची पगडी तळ्यात पडली. ठकूची नवी होडी पहिल्यांदा पाण्यात उतरली, ती पगडी काढायला.