हरबाची चुलीमागची भिंत

एका गावात एक भोळा होता, हरबा नावाचा. किती भोळा? सासऱ्यानं "बसा" म्हटलं म्हणून पंगतीत बसला, आणि "जेवा" म्हणायचं राहिलं म्हणून उपाशी उठला.

त्याच्या चुलीमागची मातीची भिंत पावसात बसली. वारा सरळ चुलीवर. भाकरी कच्ची, डोळे लाल. बायको सगुणा वैतागली, गाठोडं बांधलं. "चुलीमागं पक्की भिंत उभी राहील त्या दिवशी येईन. तोवर हात भाजा आणि खा!"

मेव्हण्याला दया आली. त्यानं गाडीभर नव्या विटा पाठवल्या. पण वाळू नव्हती. हरबा शेजारच्या गावी सुभानचाचा गवंड्याकडे गेला.

चाचा म्हणाला, "वाळूवाचून अडतंय होय? फुटक्या विटा घे, कूट, बारीक चाळ, चुन्यात कालव. त्याला सुरखी म्हणतात. भिंत अशी धरते की सोडत नाही."

हरबानं मान डोलावली.

घरी येऊन त्यानं सगळा ढीग उपसला. फुटकी वीट एकही नाही. "मेव्हण्यानं फसवलं," तो म्हणाला आणि हातोडा आणला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा चाचापुढं हजर. "सुरखी झाली चाचा. आता विटा द्या."

"तुझ्या विटा कुठं गेल्या?"

"सुरखीत."

चाचानं कपाळावर थापी मारायची तेवढी बाकी ठेवली. "अरे खुळ्या, भिंतीला साबूत वीट लागते! आता जुन्या विटा शोध. जुनं टाकायचं नसतं. वाजवून बघायचं. खणखणीत वाजलं ते भिंतीत, बद्द वाजलं ते सुरखीत."

हरबानं मान डोलावली.

वाटेत गावातल्या भागीरथीआक्काच्या ओट्यावर पाण्यानं भरलेला माठ होता. हरबानं टिचकी मारली. बद्द! उचलला आणि आपटला.

आक्का लाटणं घेऊन बाहेर आली. "मेल्या, माझा माठ!"

"बद्द वाजला, आक्का."

"भरलेला माठ बद्दच वाजणार! आणि दुसऱ्याच्या दारात कशाला वाजवत फिरतोस? तुझ्या घरात काय कमी आहे? तिथं वाजव जा!"

भोळ्याला अर्धी गोष्ट सांगू नये म्हणतात. पुरती सांगितली तरी तो अर्धीच घरी नेतो.

हरबानं मान डोलावली.

घरी जाऊन त्यानं दाराशेजारची वीट वाजवली. खणखणीत! तिच्या शेजारची? तीही. आपल्या घरात इतका चांगला माल होता आणि आपल्याला पत्ता नव्हता, याचं त्याला नवल वाटलं. कौलं मात्र बरीच बद्द निघाली.

मग त्यानं भिंत बांधली. खोटं कशाला बोला, भिंत झकास झाली. ओळंबा लावून सरळ. रोज पाणी मारून ओली ठेवली. घट्ट धरल्यावर निरोप धाडला, 'भिंत उभी आहे. ये.'

सगुणा भावाच्या बैलगाडीतून आली. आक्का आधीच येऊन उभी होती. मोकळ्या जागेत मधोमध एक भिंत होती. तिला टेकून हरबा बसला होता.

"ढकलून बघ," तो म्हणाला.

सगुणानं खांदा लावला. हलली नाही. भावानं लावला. तरी नाही.

"पक्की आहे हो," सगुणा म्हणाली. मग इकडंतिकडं पाहिलं. "पण घर कुठाय?"

"हे काय, भिंतीत. खणखणीत होतं."

सगुणानं मोकळ्या जागेला एक फेरी मारली. मग पदर खोचून म्हणाली, "बरं. झालं ते झालं. भिंत तरी आहे. आज उघड्यावरच भाकरी थापते. चूल दाखवा."

हरबानं भिंतीवरून प्रेमानं हात फिरवला. "ती बद्द वाजली गं."