भिंगाखालचा कागद

आत्ता जो माणूस रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेला आणि कागदाचा एवढासा कपटा मागून परत आला, तो काही भिकारी नाही, पाव्हणं. ती आमच्या आरसे गल्लीची रीत आहे. सांगलीत कॅमेरे दुरुस्त करणारी एवढी एकच गल्ली उरली, आणि गल्लीत पाच दुकानं उरली. त्यातलं हे माझं, निवृत्ती लोहाराचं.

तुम्ही आणलाय तसला ‘मिरोका’ दुरुस्तीला आला, की भिंग काढल्यावर खाली कागदाची चकती निघते. मधे मोठं भोक असलेली, पोरीच्या बांगडीएवढी. वीस-पंचवीस वर्षांत ती कुजून जाते, म्हणून नवी कापून घालावी लागते. तिचा कागद आपल्या दुकानातला चालत नाही. ज्याचं बरं झालेलं आपल्याला बघवत नाही, त्याच्या दारात स्वतः जायचं आणि तोंड उघडून मागायचा. माणूस धाडायचा नाही.

माझ्या बाबतीत तो माणूस म्हणजे समोरचा जिनपाल चौगुले. तुम्ही गल्लीत शिरलात तेव्हा आधी त्याच्याच पाटीकडं बघत होतात, मी इथून बघितलं. बघणारच. त्याची पाटी दिव्यांची आहे. त्याचा हात हलका आहे असं लोक म्हणतात, आणि खोटं कशाला बोलू, आहेच. म्हणून तर माझ्या पोटात दुखतं.

असो. मिरोका हे नाव कुठून आलं, ते कुणालाच धड माहीत नाही. पुण्याचे एक साहेब जाडजूड पुस्तक घेऊन आले होते, त्यातही नुसती प्रश्नचिन्हं. कुणी म्हणतं ते नदीचं नाव, कुणी म्हणतं मालकाच्या लेकीचं, कुणी म्हणतं जर्मन शब्द मोडून केलेला. कारखान्याचा पत्तासुद्धा लागत नाही. त्या काळी तिकडं घरोघरी कॅमेरे व्हायचे म्हणे. डबा एकाचा, भिंग दुसऱ्याचं, आणि वरचं नाव विकणाऱ्याच्या मनाला येईल ते. आमच्या गल्लीत जे सांगतात ते मी सांगतो. माझ्या गुरूंना, पेटकर मास्तरांना, हे मुंबईच्या गोदीत एका जहाजावरच्या मेस्त्रीनं सांगितलं. त्याच्यापलीकडचं मला विचारू नका.

जपानात एका तळ्याकाठी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या दिवसांत दोघं कारागीर होते, असं सांगतात. एकाचं नाव सेइजी, दुसऱ्याचं मासुओ. दोघं एकाच गुरूच्या हाताखाली शिकलेले. गुरू गेला तेव्हा त्यानं लोखंड कातायचा लेथ सेइजीला दिला, आणि भिंगं घासायचं चाक आणि ते चाक असलेलं घर मासुओला दिलं. तिथूनच सेइजीच्या मनात अढी बसली. घराचं त्याला काही नव्हतं म्हणे. गुरूनं भिंग मासुओच्या हातात दिलं आणि आपल्या हातात लोखंड, हे त्याला खुपत राहिलं.

दोघांनी मिळून कॅमेरा केला. सेइजीनं डबा असा केला, की झाकण मिटलं तर केससुद्धा आत जायचा नाही. पण येणारा जाणारा डोळा लावून आत बघायचा आणि म्हणायचा, काय भिंग आहे. डब्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचं नाही. सेइजी शेजारी उभा राहून मान डोलवायचा आणि आतून जळायचा. मला ते कुणी समजावून सांगायला नको.

मग टोकियोहून एक व्यापारी आला. त्यानं शंभर कॅमेरे मागितले, पण अट घातली. पुढच्या पट्टीवर नाव एकच बसतं. नमुन्याच्या कॅमेऱ्यानं फोटो काढू. फोटो स्वच्छ आला तर भिंगवाल्याचं नाव, कारण लोक फोटो बघतात, डबा कोण बघतो. नाही आला तर नाव डबेवाल्याचं, मग भिंग दुसऱ्या कुणाचंही घेऊ.

सेइजीला दोन दिवस अन्न गोड लागलं नाही, असं सांगतात. आपला जन्मभराचा डबा जगभर फिरणार आणि त्याच्या कपाळावर मासुओचं नाव. तिसऱ्या दिवशी तो मासुओच्या घरी गेला. तिकडं खिडक्यांना काच नसते, कागद असतो. मासुओ चहा करायला आत गेला, तेवढ्यात यानं चाकामागच्या खिडकीचा एक तुकडा फाडून बाहीत घातला. घरी येऊन त्याची चकती कापली आणि नमुन्यात भिंगाखाली बसवली. कागद तो केवढा, पण भिंग तेवढंच पुढं सरकलं आणि सगळा नेम चुकला.

व्यापाऱ्यानं तळ्यापलीकडच्या डोंगराचा फोटो काढला. डोंगर धुक्यात असल्यासारखा आला. मासुओनं फोटो उलटासुलटा करून बघितला आणि नवं भिंग घासून आणलं. सेइजीनं त्याच्याखालीही चकती घातली. पुन्हा तेच. व्यापारी म्हणाला, आता पुरे. पट्टीवर सेइजीचं नाव घाला.

मासुओ तो नमुना घेऊन घरी गेला आणि चार दिवसांनी सेइजीला परत देऊन म्हणाला, “नाव तुझंच राहू दे. शंभर भिंगं मात्र मीच घासून देतो.” व्यापाऱ्यानं कुरकुर करत एवढी एक संधी दिली.

सेइजीला आनंद झाला, खोटं नाही. शंभर पट्ट्यांवर त्यानं आपलं नाव स्वतः कोरलं. पुढं मासुओची भिंगं आली. आता चकतीचं कामच नव्हतं. नाव आपलं, तर फोटोही स्वच्छ यायला हवा. त्यानं पहिला कॅमेरा कागदाशिवाय जोडला, डोंगराचा फोटो काढला. डोंगर धुक्यात. दुसरा जोडला, धुक्यात. लेथ तपासला, डबा मोजला, दहा कॅमेरे उघडून बसवले. माझ्या नावाचे शंभर आंधळे कॅमेरे जगात जाणार, या विचारानं माणूस काळाठिक्कर पडला म्हणे.

शेवटी नमुन्यातली जुनी चकती उरली होती, ती त्यानं भिंगाखाली सरकवली. डोंगरावरची झाडं मोजता येतील असा फोटो आला.

मग त्याला कळलं. मासुओनं नमुना घरी नेला तेव्हा उघडला होता. कागद बघितला होता, स्वतःच्या खिडकीचा आहे हेही ओळखलं होतं. त्यानं ना गावाला सांगितलं, ना व्यापाऱ्याला. त्या कागदाची जाडी मोजली आणि शंभरची शंभर भिंगं त्या जाडीला जुळतील अशी घासली. का केलं, यावर गल्लीत दोन तट आहेत. माझे गुरू म्हणायचे, मित्राला चोर म्हणवेना म्हणून. जिनपाल म्हणतो, यापेक्षा मोठा सूड नाही. मला जिनपालचं पटतं, पण त्याला मी तसं सांगितलेलं नाही.

आता शंभर कॅमेऱ्यांना शंभर चकत्या हव्या. जाडी तीच हवी, आणि तो कागद एकाच घरात होता. सेइजी पाच वेळा निघाला आणि पाच वेळा अर्ध्या वाटेवरून फिरला, असं सांगतात. सहाव्या वेळी दारात जाऊन उभा राहिला. माफी मागायची ठरवून गेला होता, पण तोंडातून एवढंच निघालं, “मला तो कागद हवाय.”

मासुओ चाकावरून उठला. त्यानं खिडकीचा सगळा कागद सोडवला, नीट घडी घातली आणि त्याच्या हातात दिला. म्हणाला, “शंभरांना पुरेल. मी मोजलाय.”

सेइजीनं घरी जाऊन शंभर चकत्या कापल्या आणि शंभर पट्ट्यांवरचं आपलं नाव कानशीनं घासून काढलं. मासुओचं घालू म्हटलं तर त्यानं नाही म्हणून सांगितलं. व्यापारी वैतागला. कोऱ्या पट्टीचा माल कोण घेणार? त्यानं मनाला आला तो शब्द ठोकून दिला, मिरोका, आणि पुढचा तसलाच मालही त्याच नावानं खपवला. त्याचा अर्थ शोधत पुण्याचे साहेब अजून फिरतायत.

आजही आमच्या गल्लीत त्या चकतीच्या जागी पितळी कडी कुणी घालत नाही. दुसरा कागद शोधत बसायची गरज नाही, गेल्या वर्षीच्या पंचांगाचं पान बरोबर त्या जाडीचं असतं. आजही मिरोका आला, की ज्यानं त्यानं आपल्या आपल्या माणसाच्या दारात जायचं. तुमचा कॅमेरा मी उघडलाय, तेव्हा आता मी जिनपालकडं जाईन. चाळीस वर्षं जातोय. हेवा जातो का म्हणाल, तर नाही. मी का आलोय हे त्याला कळतं, तो मान खाली घालून पान फाडून देतो, आणि तेवढ्यापुरतं मला बरं वाटतं.

पण जिनपालकडंही मिरोका येतात, पाव्हणं. माझ्यापेक्षा जास्त येतात. तेव्हा तो दुकानातून उतरतो, माझ्या दारावरून पुढं जातो आणि कोपऱ्यावरच्या कॅमेरेवाल्या शिकलगाराकडं कागद मागतो. चाळीस वर्षांत माझ्या पायरीवर एकदाही चढला नाही.

पंचांग मात्र मी दर वर्षी जपून ठेवतो.