बांधाचं दार आणि डफवाल्याची बातमी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पण खाडी तेव्हाही दिवसातून दोनदा भरायची आणि माणसं तेव्हाही ऐकीव गोष्टीवर भांडायची, एवढं नक्की.

त्या खाडीच्या काठी एक गाव होतं. गावाची भातशेती खाडीच्या पाण्यापेक्षा खोलात, आणि मध्ये मातीचा उंच बांध. बांधाला एक लाकडी दार. ओहोटीला दार उघडायचं, म्हणजे शेतातलं पावसाचं जादा पाणी बाहेर जाई. भरतीला लावायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नसे. एकदा का खारं पाणी शेतात शिरलं, की पुढची तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवायची नाही.

हे दार सांभाळायचा रुमाजी. गाव त्याला रुमाजी दारकर म्हणे. दार उघडायची लाकडी खीळ त्याच्याच हाती असायची, तिच्याशिवाय दार हलत नसे. आणि त्याच्या घराण्याची एक रीत होती. दार उघडण्याआधी बांधाच्या बाहेरच्या पायऱ्या उतरायच्या, पाण्यात बोट बुडवायचं आणि चाखून बघायचं. पावसाळ्यात पाणी सगळं एकाच रंगाचं, गढूळ. गोडं की खारं, ते डोळ्यांना कळत नाही, जिभेलाच कळतं. गावकर येऊन म्हणो की राजा येऊन म्हणो, चाखल्याशिवाय दार उघडायचं नाही. तीस वर्षांत रुमाजीने ही रीत एकदाही मोडली नव्हती.

रुमाजीला एकच लेक, येसू. तिला दिली होती खाडीच्या वरच्या अंगाला, सरहद्दीजवळच्या गावात. सहा महिन्यांचं मूल होतं तिला. त्याचं तोंड रुमाजीने अजून पाहिलं नव्हतं.

त्या वर्षी दोन राजांची लढाई जुंपली. का जुंपली? मोठ्यांच्या भांडणाला कारण कशाला लागतं. लढाई दूर होती, पण तिची बातमी दर बाजारच्या दिवशी गावात यायची. एक डफवाला होता, तो गावोगाव फिरून बातम्या गाऊन सांगायचा. आता माणूस काही वाईट नव्हता हं. पण तोही माणूसच. त्याने एकदा सांगितलं, “दोन्हीकडचे लोक छावणीत बसून आहेत, पाऊस थांबायची वाट बघतायत,” तर लोक कांदे घ्यायला निघून गेले. त्याने सांगितलं, “गाव पेटलं,” तर भोवती तीन रांगा उभ्या राहिल्या. मग काय, डफही जोरात वाजायला लागला आणि जीभही.

पहिल्या बाजारात त्याच्या गाण्यात शत्रूच्या सात होड्या होत्या. दुसऱ्या बाजारात सत्तर झाल्या.

रुमाजी त्या रांगेत सगळ्यात पुढे. एकदा ऐकून त्याचं भागायचं नाही. डफवाला चिंचेखाली गायचा तेव्हा रुमाजी चिंचेखाली, देवळापुढे गायचा तेव्हा देवळापुढे. तीच बातमी तीनदा ऐकायची आणि तीनदा पेटून उठायचं. घरी येऊन जेवायचा नाही. बायको गोजरा म्हणायची, “अहो, त्याच्या गाण्याने येसूची खुशाली थोडीच कळणार? कानात आणि डोळ्यात चार बोटांचं अंतर असतं.” रुमाजी तिच्यावरच खेकसायचा, “तुला पोरीची काळजीच नाही.” काळजीने तिचेही डोळे सुजले होते, पण ती रोजची कामं करत होती, म्हणून त्याला ते दिसत नव्हतं.

तिसऱ्या बाजाराला डफवाल्याने कहर केला. सरहद्दीजवळचं गाव जळून खाक झालं, एकही जीव वाचला नाही, आणि शत्रूच्या होड्या आता खाडीतून याच गावाकडे निघाल्यात, असं त्याने गाऊन सांगितलं. गाव म्हणजे येसूचंच.

बायाबापड्या रडू लागल्या, पुरुषांनी कोयते उचलले. गावकर, म्हणजे गावचा प्रमुख, म्हातारा होता, गावात त्याचा शब्द चालायचा. तो म्हणाला, “होड्या येऊन लागणार कुठे? आपल्या दारापाशीच. भरती चढतेय. दार उघडा. पाण्याचा लोंढा त्यांना आत ओढेल, होड्या दाराच्या खांबांवर आपटून फुटतील. जे वाचतील ते चिखलात रुततील.”

“आणि शेत?” कुणीतरी विचारलं. भात पोटरीत आलं होतं, आता कणसं बाहेर पडायचीच बाकी होती.

“शेत गेलं तर गेलं. जीव राहिला तर शेत.”

ज्यांनी येसूला जाळलं त्यांना आपल्या हाताने बुडवायचं, एवढंच रुमाजीच्या डोक्यात होतं. तो तरातरा बांधावर गेला. अख्खं गाव मागे. त्याने खिळीला हात घातला आणि तीस वर्षांच्या सवयीने पाय आधी पायऱ्या उतरले. बोट पाण्यात गेलं. बोट तोंडात गेलं.

खारं. जीभ आखडेल इतकं खारं.

तो तसाच उकिडवा बसून राहिला. या पाण्याशी आपली तीस वर्षांची ओळख, तरी रोज चाखल्याशिवाय आपण याच्यावर विश्वास टाकत नाही. आणि तीन बाजार झाले, दुसऱ्याच्या जिभेवरची बातमी आपण न चाखता गिळतोय. येसू गेली असं डफवाला म्हणतो. पाहिलं कुणी? रुमाजीला एकदम स्वतःची लाज वाटली. मग भीती वाटली, कारण खीळ अजून मुठीतच होती.

तो वर आला आणि डफवाल्यापुढे उभा राहिला. “होड्या तू पाहिल्यास?”

“मी म्हणजे... तेल्याने सांगितलं, आज सकाळी वाटेत.”

“त्याने पाहिल्या?”

“त्याच्या साडूने पाहिल्या म्हणे.”

“किती होत्या?”

डफवाला डफाशी चाळा करू लागला. “गाण्यात बसतील तितक्या सांगतो दादा. लोकांना आवडतं.”

गावकर तापला. “रुमाजी, चौकशा कसल्या करतोस? शत्रू उंबऱ्यावर आला आणि तू शेपूट घालतोस?” मागून कुणी म्हणालं, “लेक गेली तरी याचं रक्त थंडच.”

ते रुमाजीच्या काळजात सुरीसारखं घुसलं. पण त्याने आवाज चढवला नाही. “भरती पुरी व्हायला अजून पाच घटका आहेत,” तो म्हणाला. “समोरची टेकडी चढायला दीड घटका. तिथून खाडी थेट वळणापर्यंत दिसते. जाऊन बघू. शत्रू असला तर परत येऊन मीच दार उघडीन. तुम्ही चला, आणि हाही येऊ दे डफ घेऊन. तोवर बाकीच्यांनी पोराबाळांना वरच्या रानात न्या.”

त्याने खीळ कमरेला खोचली आणि वाट धरली. गावकराला त्याच्या मागे जाणं भाग पडलं, गुडघ्यांना शिव्या घालत का होईना.

टेकडीवरून खाडी लख्ख दिसत होती. आणि होड्या खरंच येत होत्या. सात नाही, सत्तर नाही, अकरा. गावकर म्हणाला, “बघ, मी सांगत नव्हतो?”

रुमाजी तरी बघत राहिला. होड्या जवळ आल्या. पहिल्या होडीत कोंबड्यांचं डालगं होतं. दुसरीत एक म्हातारी बसल्या जागी पेंगत होती. तिसऱ्या होडीत दोन वल्ह्यांना दोरी बांधून झोळी केली होती आणि एक बाई तिला झोके देत होती.

“गावकर,” रुमाजी म्हणाला, “लढाईला निघालेला माणूस कोंबड्या घेऊन निघतो होय?”

गावकराने डोळ्यांवर हात धरून पुन्हा पाहिलं.

लढाई खोटी नव्हती. आदल्या संध्याकाळी गाव जळलं होतं, पण आग पसरायच्या आतच माणसं होड्यांत बसून निघाली होती. ती आसऱ्याला येत होती, बांधाच्या दारापाशीच.

रुमाजी टेकडी कसा उतरला ते त्याचं त्यालाच ठाऊक. दार घट्ट लावलेलं होतं, म्हणून पाणी शांत होतं आणि होड्या एकेक करून अलगद काठाला लागल्या. झोळीपाशी बसलेली बाई उठली. येसूच होती ती. अंगावर धुराचा वास, डोळ्यांत झोप नाही, पण धडधाकट. गोजराने तिला मिठीच मारली. येसूने मूल रुमाजीच्या हातात दिलं, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला आणि तो लहान मुलासारखा रडला.

येसू भोवती बघत म्हणाली, “बाबा, ही एवढी माणसं कोयते घेऊन बांधावर का उभी आहेत?”

रुमाजी खोटं बोलू शकला असता, पण बोलला नाही.

“तुम्हाला बुडवायला, बाळ,” तो म्हणाला. “आणि सगळ्यांच्या पुढे मी होतो.”

एकेकाने कोयते खाली ठेवले आणि होड्यांतली बोचकी उतरवायला हात लावला.

पुढे त्या शेतात भात उत्तम पिकलं. आल्या माणसांना आणि गावाला मिळून ते उन्हाळ्यापर्यंत पुरलं. तोवर दोन्ही राजे थकले आणि त्यांनी तह केला. डफवाला बाजाराला येतच राहिला, त्याला कुणी हाकललं नाही. फक्त गावकराने एक दंडक घातला. गाण्याआधी त्याने सांगायचं, हे पाहिलं कुणी, कधी आणि कुठून. डफवाला सुरुवातीला कुरकुरला. मग त्याच्या ध्यानात आलं, की लोक आता कांदे घ्यायला उठून जात नाहीत, बसून नीट ऐकतात.

तात्पर्य : लढाईची बातमी ऐकून मन पेटणारच, पण ती पारखून घेतल्याशिवाय हात उचलला, तर तो आपल्याच माणसांवर पडतो.