बाहीसाठी हात

एकदा एका डोंगराळ राज्याच्या राजाला आपल्या प्रजेच्या अक्षरशून्यतेची लाज वाटली. निमित्त अगदी क्षुल्लक होते. समुद्रकाठच्या एका संपन्न देशाचा वकील भेटीस आला असता त्याच्या घोड्याच्या मोतद्दाराने वेशीवरचा शिलालेख जाता जाता मोठ्याने वाचला. राजाच्या शेजारी उभ्या असलेल्या मानकऱ्यांपैकी एकालाही तो वाचता येत नव्हता. ते पागोटी सावरीत दुसरीकडे पाहू लागले. राजाला त्या दिवशी अन्न गोड लागले नाही.

त्याच राज्यात एक विद्वान तरुण होता. डोंगरावरच्या भैरोबाच्या देवळात एक वृद्ध आचार्य राहत असत. त्यांच्या पायांशी बसून तो शिकला होता. राजाने त्याला बोलावले आणि विद्याधिकाराची मुद्रा त्याच्या हाती ठेवून म्हटले, "त्या देशात जा. तिथली लेकरे कशी शिकतात ते पाहा आणि ती विद्या जशीच्या तशी इथे आण."

शिष्य गेला आणि मोहून परतला. त्या देशात आषाढ लागताच शाळा उघडत आणि पावसाळा सरेपर्यंत गजबजून जात. मुले पंक्तीने बसत, हात जोडत आणि पहिला धडा एका सुरात म्हणत, "भरती आली, भरती आली, भरतीसंगे नाव निघाली." काकड्याच्या वेळी अंगावर काटा उभा राहावा तसा तो सूर ऐकून शिष्याच्या अंगावर काटा उभा राहिला. आपल्या डोंगरांतून असाच घोष उठेल, या कल्पनेने त्याचे डोळे भरून आले. त्याने तो धडा उतरवून घेतला, शाळांचे महिने टिपले, बैठकांची रचना लक्षात ठेवली, आणि घरी येऊन कशातही तिळमात्र फरक न करता गावोगावी तशाच शाळा उभ्या केल्या.

आषाढात शाळा उघडल्या. दोनचार दिवस मुले आली, आणि मग येईनाशी झाली. पंतोजी ओसाड शाळेत पावसाकडे पाहत बसू लागले. शिष्य गावोगाव फिरला. लोकांनी त्याला पाट दिला, गूळपाणी दिले, पण मुलांचा विषय निघाला की बायका आत जात आणि पुरुष आभाळाकडे पाहू लागत. श्रावणात राजाचा धीर सुटला. त्याने आज्ञा लिहवून घेतली, की जे मूल शाळेत येणार नाही त्याला शिपायांनी घरातून उचलून आणावे. तिच्यावर विद्याधिकाऱ्याची मुद्रा उमटली की शिपाई निघणार होते.

शिष्याचे मन कचरत होते. लेकरे अज्ञानात राहिली तर तो दोष आपला. आणि शिपाई दारात उभे राहिले तर तोही आपलाच. मुद्रा उमटवण्यापूर्वी गुरूंचा आशीर्वाद घ्यावा म्हणून तो डोंगर चढून देवळात आला.

आचार्य गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी एक भरजरी अंगरखा उलगडीत उभे होते. शिष्याने दंडवत घातला आणि सगळी हकीकत एका दमात सांगितली. शेवटी तो म्हणाला, "गुरुजी, मुलांच्या भल्यासाठीच आहे हे. आपण हो म्हणा, म्हणजे माझा हात थरथरणार नाही."

आचार्यांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. "बरे झाले आलास, बाळ," ते म्हणाले. "गुरव खाली भाताच्या लावणीला गेला आहे, आणि देवाला आज नवा पोशाख घालायचा आहे. पाय धू आणि आत ये."

इतक्यात गुरवाची आई चिमाबाई फुलांची पाटी घेऊन वर आली. पदर पिळीत तिने अंगरख्याकडे पाहिले आणि विचारले, "ह्यो कुणाचा म्हणायचा, बाबा?"

"आपल्या भैरोबाचा. समुद्राकडच्या एका व्यापाऱ्याने पाठवला आहे. घाटात दरड कोसळली तेव्हा त्याचा तांडा थोडक्यात वाचला. तो खालूनच कळसाला हात जोडून नवस बोलला होता."

"खालूनच व्हय? तरीच!" चिमाबाई पदर तोंडाला लावून हसू लागली. "देव त्यानं बघितलाच न्हाई."

तिच्या हसण्याचे कारण गाभाऱ्यात गेल्यावर शिष्याला उमगले. तो भैरोबा म्हणजे तांदळा होता. धरणीतून वर आलेली, कोणाच्याही हाताने न घडलेली ती शिळा. तिला ना मान, ना खांदे. शेंदराच्या पुटांतून रुप्याचे दोन डोळे मात्र असे पाहत, की समोर उभ्या राहिलेल्या माणसाला स्वतःची लपवाछपवी आठवावी. व्यापाऱ्याने अंगरखा शिवला होता तो आपल्या गावच्या उभ्या, रेखीव देवाच्या मापाने. त्या दोघांनी तो शिळेवर चढवला. गळा कपाळाशी अडकला, घेर जमिनीवर लोळला, आणि जरीच्या दोन लांब बाह्या दोन्ही बाजूंना रिकाम्या लोंबत राहिल्या.

"देवा, तुला वाळत घातलाय का रं कुणी?" उंबऱ्याबाहेरून चिमाबाई म्हणाली.

शिष्याला हसू आवरेना. पण आचार्य हसले नाहीत. बराच वेळ ते त्या बाह्यांकडे पाहत राहिले. मग सभामंडपात गेले. देवळाच्या पायऱ्या घडवणाऱ्या पाथरवटाची अवजारे तिथे कोपऱ्यात ठेवलेली होती. त्यांतली छिन्नी आणि हातोडा उचलून ते परत आले, शिळेपुढे गुडघ्यांवर बसले आणि कुंभार मडके चाचपतो तसा तिच्या कुशीवर हात फिरवू लागले.

"गुरुजी, काय करताय?"

"हात काढतो आहे. बाह्या आहेत, तेव्हा हात हवेत. या कुशीतून एक निघेल, त्या कुशीतून दुसरा. मान मात्र थोडी खोल कोरावी लागेल."

शिष्याला ही थट्टा वाटली. पण छिन्नीचे टोक शेंदरावर टेकले, हातोडा वर गेला, आणि चिमाबाईच्या हातातली पाटी खाली पडून फुले उंबऱ्यावर विखुरली. शिष्याने झेप घेऊन गुरूंचे मनगट धरले. ज्या हाताने त्याला अक्षर गिरवायला शिकवले तो हात त्याने आज अडवला होता, हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

"अंगरख्यासाठी देव तासायचा?" तो ओरडला. "कापडाला कात्री लावा! त्याच्या चिंध्या झाल्या तरी चालतील! हा इथला आहे, गुरुजी. या डोंगराने त्याला असाच दिला आहे!"

आचार्यांनी हातोडा हळूच खाली ठेवला. छिन्नी शिष्याच्या ओंजळीत ठेवली. "शिळेला टोक लागले आणि तुझा जीव असा कळवळला," ते शांतपणे म्हणाले. "तुझ्या कमरेला जी मुद्रा आहे, ती कोणाच्या कुशीवर टेकवणार आहेस?"

शिष्याने छिन्नी खाली ठेवली आणि कमरेच्या मुद्रेवर हात धरला. पाऊस पागोळ्यांवाटे खाली पडत होता. तो शिळेपुढे बसला.

मग त्याने विचारले, "पण माझ्या शाळेच्या अंगरख्यात चुकले काय? त्या देशात तो किती शोभतो!"

"ते मी कसे सांगू? मी तो देश पाहिलेला नाही." आचार्य उंबऱ्याकडे वळले. "चिमाबाई, तुझी नात ठकू शाळेत का जात नाही गं?"

चिमाबाई फुले वेचीत होती. तिने मान वर केली नाही. "जाऊ द्या की बाबा. शास्त्रीबुवांपुढं कशाला?"

"मी रागावणार नाही, आजी," शिष्य म्हणाला. "सांगा."

"मग सांगते. चार दिस गेली पोर. पाचव्या दिशी जात्याशी बसून गुणगुणाया लागली, 'भरती आली, भरती आली.' माझ्या हातातला खुंटाच सुटला. म्हातारे राजे व्हते तवा अशीच भरती आली व्हती, शास्त्रीबुवा. दवंडी पिटली, शिपाई आलं, नावं घातली. माझं दोन भाऊ गेलं. आईनं मरस्तवर त्यांचं ताट वाढलं. आता म्हनं शाळेत नावं घालत्यात आन् पोरांकडून भरतीचं गानं म्हनून घेत्यात. कोन धाडंल?"

शिष्य घाईने म्हणाला, "अहो आजी, ती भरती नव्हे! ती समुद्राची. पाणी चढते, किनाऱ्यावर येते..."

"पानी चढतं त्याला आमी पूर म्हनतो." चिमाबाई म्हणाली. "आन् पुराचं गानं कुनी म्हनत न्हाई."

शिष्याला आता एकेक गोष्ट आठवू लागली. त्या देशात आषाढात किनाऱ्यावर पालथ्या घातलेल्या नावा त्याने पाहिल्या होत्या. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, नावा निघत नाहीत, बाप घरी असतो, पोराला काम नसते; म्हणून तिथे शाळा आषाढात उघडते. आणि इथे त्याच आषाढ-श्रावणात ओढे वाट अडवतात आणि चिखलात रोप लावायला घरातला एकही हात उरत नाही. देवाचा गुरवसुद्धा आज खाली खाचरात उभा होता. आपण तिथले महिने टिपून आणले, पण त्या महिन्यांना हाक घालणारा समुद्र तिथेच राहिला.

"मी नुसता पोशाख पाहिला," तो पुटपुटला. "देव पाहिलाच नाही. ना तिथला, ना इथला."

आचार्य म्हणाले, "बाळ, कोणत्याही देशाची शाळा म्हणजे त्या देशाच्या देवाचा पोशाख. त्याचे माप तिथली जमीन देते, तिथला पाऊस देतो. लोक पोट कसे भरतात, घरात कोणत्या बोलीत रागावतात, कशापुढे हात जोडतात, हे त्या मापात येते. पूर्वजांनी जे सोसले, त्याची आठवण कापडाखाली हुळहुळत असते. शिंप्याचा हात तिथे हलका हवा. कापड किती परवडेल तेही पाहावे लागते. आणि पोशाख चढवणाऱ्याचा भाव तर पाहायलाच हवा. देव सुखावावा म्हणून तो चढवतो आहे, की पाहुण्यापुढे आपली शोभा व्हावी म्हणून? तुझ्या राजाला हे कोणीतरी विचारायला हवे."

शिष्य खाली मान घालून ऐकत होता. मग त्याने डोके वर केले. "म्हणजे लोक आहेत तसेच ठेवायचे? हा अंगरखा परत धाडायचा?"

"परत?" आचार्यांच्या चेहऱ्यावर प्रथमच हसू उमटले. "इतके सुंदर जरीचे कापड आपल्याकडे कोण विणतो? ज्याने दिले त्याला दुवा दे आणि कात्री घे. आणि हेही पाहा." त्यांनी शिळेच्या कडेला बोट लावले. छिन्नी टेकली होती तिथे शेंदराचे एक जुने पूट सुटून आले होते. "हा शेंदूर आपल्याच वाडवडिलांनी चढवला, श्रद्धेने चढवला. तरी तो देव नव्हे. फार साचला की देवाचे रूपच झाकते. तो काढावा लागतो. पण कसा? तेल लावून, धीर धरून, बोटांनी. या लोकांचे भय तसेच आहे. शिपाई पाठवलेस, तर ते भय आणखी एका पुटाने जाड होईल."

शिष्याने उठून देवापुढे डोके टेकले. मग गुरूंच्या मनगटावर आपल्या बोटांचे वळ पाहून तो त्यांच्याही पायांशी वाकला. डोंगर उतरला तो थेट दरबारात गेला, आणि मुद्रा न उमटवता त्याने आज्ञा राजापुढे ठेवली. शेजारी मुद्राही ठेवली.

"महाराज, ही मुद्रा दुसऱ्या कोणाला द्यायची तर द्या. पण एक विचारतो. शाळा आपण लेकरांसाठी काढल्या, की त्या मोतद्दारासाठी?"

राजाचा चेहरा लाल झाला आणि मग हळूहळू उतरला. शिष्याने चिमाबाईच्या भावांची गोष्ट सांगितली. ती ऐकताना राजाने एकदाच वर पाहिले, भिंतीवरच्या आपल्या वडिलांच्या ढाल-तलवारीकडे.

मग त्याने आज्ञेचा कागद समईच्या ज्योतीवर धरला. "मग पहिला धडा कोणता घालशील?"

"ओढ्याचा, महाराज. ओढा त्यांच्या दारातून वाहतो. त्याच्या काठाकाठाने चालत पुस्तकाच्या शेवटी समुद्राशी पोचू. तिथे भरती भेटेल. तोवर मुले ओळखू लागतील, की ती कोणाला नेत नाही."

राजाने मुद्रा उचलून त्याच्या हाती परत दिली.

सुगी आटोपली, ओढे उतरले, तेव्हा शाळा पुन्हा उघडल्या. सगळीच मुले आली असे नाही. काही घरांतले भयाचे पूट अजून जाड होते, आणि शिष्य त्या घरांच्या ओसरीवर जाऊन बसे, गूळपाणी घेई, घाई करीत नसे.

एका सकाळी तो देवदर्शनाला वर आला. भैरोबाच्या अंगावर तोच भरजरी अंगरखा होता, पण आता तो शिळेच्या प्रत्येक वळणाशी असा बिलगला होता, की जणू त्याच दगडातून उमललेला. रुप्याचे डोळे प्रसन्न दिसत होते.

"चिमाबाईने शिवला," आचार्य म्हणाले.

"आणि बाह्या?"

आचार्यांनी पायवाटेकडे बोट दाखवले. सात-आठ वर्षांची ठकू खाली शाळेकडे धावत निघाली होती. तिच्या खांद्याला भरजरी कापडाची एक लांबट पिशवी होती. बाहीचे एक तोंड शिवून टाकले होते आणि दुसऱ्या तोंडातून पाटीची लाकडी चौकट बाहेर डोकावत होती. उन्हात जरीचे धागे चमकले. पोर काहीतरी गुणगुणत होती, आणि तो सूर ओढ्याच्या आवाजात मिसळून जात होता.

शिष्य ती वळणाआड जाईपर्यंत पाहत राहिला, आणि त्याने नकळत तिकडेही हात जोडले.