कुडातली अस्वलिणीची वाट

आधी एक गोष्ट मनातून काढून टाका मंडळी, आमचा कूड मोडलेला नाही. दर साली कुणीतरी शहाणा येतो, नदीत रोवलेल्या मेढी बघतो आणि म्हणतो, "अहो, मधे एवढं मोकळं सोडलंत, सगळे मासे निसटतील की!" निसटावेत म्हणूनच ते सोडलंय, बाबा. या काठाकडून मेढींची एक रांग, त्या काठाकडून दुसरी, आणि मधे एक अस्वल आडवं उभं राहील एवढी वाट. काठावर गुंडाळून ठेवलेला दिसतोय ना, तो कामट्यांचा कूड. मेढींना तो बांधला की चढणीचे मासे त्याला अडतात. आज बांधायचा की नाही, ते आमची म्हातारी होसाआत्या वरून आली की ठरेल. सकाळीच गेलीय ती मधल्या पायरीवर. तोवर बसा, आणि ते फोटो जरा नंतर काढा.

ही सावती नदी घाटावरून तीन पायऱ्यांनी उतरते. आषाढात पाणी लाल झालं की मासे उलटे, पाण्याच्या तोंडावर चढायला लागतात. खडस, शिंगटी, सगळे. वरच्या डोहात अंडी घालायची म्हणून जिवाच्या आकांताने उड्या मारतात. हीच चढण. आमच्या पायरवाडीला भात हाताशी येईपर्यंत पूर्वी या माशांचाच आधार. चुलीवरच्या माचीवर धुरावून ठेवायचे आणि जपून खायचे. ज्याची मेढ त्याचा वाटा, हा वाडीचा कायदा. मेढ रोवायची, पाण्यात उभं राहायचं, तेव्हा हिस्सा.

आता येसूकडे मेढ रोवायला कुणी नव्हतं. नवरा वारलेला, एक लेक तानी, ती लहान. असे सांगतात की येसू चढणीच्या दिवसांत पलीकडच्या काठाला जांभळीखाली जाऊन बसायची, कारण मधल्या पायरीवर अस्वलीण यायची.

हो, अस्वलीण! हसू नका. अस्वल वारुळं उकरतं, मध खातं, उंबरं खातं, हे आम्हालाही ठाऊक आहे, चार बुकं शिकायला नको त्याला. पण सावतीवरच्या अस्वलिणीला म्हणे माशाचीही गोडी होती. पाण्यात पाय रोवून उभी राहायची आणि वर उडालेला मासा पंजाने झेलून घ्यायची. डोकं खायची, पोट फाडून गाबोळी, म्हणजे आतली अंडी, चाटायची, आणि उरलेला मासा बाजूला टाकून द्यायची. तो अर्धा मासा पाणमांजरं न्यायची, कावळे न्यायचे, आणि येसू न्यायची. राहिलेला तिथंच कुजायचा. त्या काठाची जांभळं या काठाच्या दीडपट उंच का, ते आता विचारू नका.

वाडी येसूला 'उष्टी येसू' म्हणायची. तिला त्याचं काही वाटत नसे. भूक भागली की नावं कुणाला बोचतात? पण वर्षानुवर्षं बसून तिनं एक गोष्ट हेरली. चढणीच्या सुरुवातीला मासे विरळ असले की अस्वलीण मासा काट्यासकट खायची. चढण भरात आली की फक्त डोकं नि गाबोळी. शेवटी पुन्हा मासे विरळ व्हायला लागले की पुन्हा काट्यासकट, आणि तसं दोन-तीन दिवस झालं की ती सरळ उठून रानात निघून जायची. शेवटचा मासा संपेपर्यंत ती कधी थांबली नाही.

हे येसूला दिसलं. वाडीला मात्र फक्त टाकलेला अर्धा मासा दिसला. आमची माणसं कशी, ठाऊक आहे? पानात शीत टाकलं तर म्हातारी माणसं आजही उठू देत नाहीत. तेव्हाचा गावकर, वाडीचा म्होरक्या, कोंडजी तर पोरांची पानं स्वतः बघायचा म्हणे. त्यानं पंगतीचा कायदा जनावराला लावला. म्हणाला, "अर्धं खाऊन अर्धं टाकते, ती खाणारी नव्हे, नासणारी. आपल्या पोटावर पाय आणते ही." झालं! ढोल आले, डबे आले, अस्वलिणीला रानात हुसकावलं आणि कूड या काठापासून त्या काठापर्यंत सलग बांधला. अशी मती फिरली बघा.

येसू गावकरापुढे जाऊन उभी राहिली. "गावकर, ती टाकते तेव्हा मासा उतू चाललेला असतो. ती टाकायची थांबली की आपणही थांबावं."

"उष्टं खाणारीला उष्ट्याचाच पुळका," गावकर म्हणाला, आणि सगळे हसले. येसूचं तोंड एवढंसं झालं.

त्या साली माच्या वाकल्या एवढा मासा मिळाला. दुसऱ्या साली निम्मा. तिसऱ्या साली नदी लाल होऊन सहा दिवस झाले तरी कुडाला हाताच्या बोटांवर मोजावेत इतकेच मासे लागले. अति तिथं माती म्हणतात, ती अशी. येसूची तानी तेवढ्यातच बाळंतपणाला माहेरी आलेली. सातवा महिना, आणि मनगटं ही एवढीशी, काडीसारखी. घरात नाचणीच्या कण्या, त्याही संपत आलेल्या. उष्टं आणायला जावं तर अस्वलीणच नाही.

सातव्या दिवशी एक खडस आली. मांडीएवढी, पोट गाबोळीनं टच्च भरलेलं, कुडावर नाक आपटत होती. कोंडजीनं ती स्वतः धरली आणि काठावर उभ्या येसूच्या हातात दिली. "ने. तानीला घाल. मेढ नसली तरी ने." गावकर वाईट माणूस नव्हता हो, फक्त हट्टी होता.

येसूनं ती पोटाशी धरली. खडस धडपडत होती, हाताला आतली अंडी लागत होती. तेवढ्यात तिनं वर बघितलं. मधल्या पायरीवर अस्वलीण उभी होती. हुसकावल्यापासून पहिल्यांदाच आली होती, कातडं अंगावर नुसतं लोंबत होतं. घरी लेक उपाशी, हातात मासा, आणि वरचा डोह रिकामा. ही पोटात गेली की पुढच्या साली चढायला कोण येणार, हे तिथं तिच्याशिवाय कुणालाच कळत नव्हतं.

ती पाण्यात शिरली. कमरेचा कोयता काढला आणि मधल्या मेढींना कूड बांधलेले वेल सपासप तोडले. माणसं ओरडली, कोंडजी काठी घेऊन धावला. कूड मधोमध फाटला. येसूनं खडस त्या वाटेत सोडली आणि मागे वळून त्या भगदाडात स्वतः आडवी उभी राहिली.

"मारा," म्हणाली, "पण आधी वर बघा."

सगळ्यांनी वर बघितलं. खडस पायरीखाली आली, उडाली. अस्वलिणीनं पंजा उचलला, आणि म्हणे तो तसाच वर धरून ठेवला. खडस पायरी चढून डोहात गेली. मागून एक किडकिडीत शिंगटी उडाली, ती अस्वलिणीनं धरली आणि काट्यासकट, शेपटासकट खाल्ली. खाली काही म्हणता काही पडलं नाही. मग ती उठली आणि रानात निघून गेली. खरं-खोटं सावतीला माहीत, पण सगळ्या वाडीनं बघितलं असं सांगतात. कोंडजीनं काठी टाकली. मधल्या मेढी त्यानं स्वतःच्या हातांनी उपटल्या आणि सांगितलं, "येसू बांधा म्हणेल तेव्हाच कूड बांधायचा."

पण घरी काय झालं, ते ऐका. तानी दारात बसली होती. तिला कुणीतरी आधीच सांगितलं होतं.

"आये, माझ्या तोंडचा घास सोडलास?"

येसू नुसती रडली. तानीचं बाळंतपण कडूकंदावर आणि रानभाजीवर निघालं. मुलगी झाली, मूठभर, पण जगली. तिच्या सासरच्या गावातही दुष्काळच, म्हणून तानी माहेरीच राहिली, आणि एका चुलीपाशी बसून आईशी सरळ बोलली नाही. एक नाही, दोन नाही, तीन सालं.

त्या तीन सालांत येसू चढणीच्या दिवसांत रोज सकाळी पायरीवर जायची, अस्वलिणीनं काय टाकलंय ते बघायला. काही नसायचं. ती मासा खायची तो पायरीवरचा धोंडा लख्ख. रिकाम्या हातांनी खाली यायची आणि मान हलवायची, आणि वाडी कंद खणायला निघायची. कुरकुर खूप झाली, पण कूड कुणी बांधला नाही.

चौथ्या साली, चढणीच्या पाचव्या दिवशी, धोंड्यावर अर्धी खडस पडलेली होती. डोकं नाही, पोट फाडलेलं, शेपटीकडची बाजू जशीच्या तशी. येसू तिच्याशेजारी बसली आणि मोठ्यानं रडली म्हणे, खालच्या वाडीला ऐकू गेलं. लोकांना वाटलं, अस्वलिणीनं ओरबाडलं. कोयते घेऊन धावले, तर ही पानात अर्धा मासा घेऊन खाली येतेय आणि रडता रडता हसतेय.

"बांधा कूड," म्हणाली. "मधली वाट सोडून बांधा."

तो अर्धा मासा तिनं भाजला आणि तानीपुढे ठेवला. तानीनं पहिला घास पोरीला भरवला. तीन वर्षांची पोर, जन्मात मासा चाखला नव्हता, तिनं बोटंसुद्धा चोखली. मग तानीनं दुसरा घास केला. स्वतः खाल्ला नाही. आईपुढे धरला.

"आये, आ कर."

तेव्हापासून पायरवाडीच्या पोराला पहिला मासा भरवतात तो त्या धोंड्यावरचा, अस्वलिणीनं टाकलेला. आणि दुसरा घास आईनं आजीला द्यायचा, नाहीतर पोराचं उष्टावण पुरं होत नाही. आजही चढण सुरू झाली की वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई रोज सकाळी पायरीवर जाते. धोंड्यावर अर्धा मासा दिसला तर कूड बांधायचा. दिसेनासा झाला की त्याच दिवशी सोडायचा. गेल्या साली अस्वल फिरकलंच नाही, तर कूड बांधलाच नाही, आणि कुणी एक शब्द बोललं नाही.

ती बघा, होसाआत्या उतरतेय. सावकाश गं! गुडघे दुखतात तिचे, म्हणून ती अशी वाकडी चालते, त्यावरून काही समजू नका. हात बघा तिचे. डावा हात पदराखाली आहे, आणि पदरातून पळसाचं पान डोकावतंय.

चला, उठा, कामट्या धरा तुम्हीपण. नुसतं बसून ऐकणाऱ्याला इथं वाटा नाही.