देवीला लावलेला डिंक

सोनवट नगरीत दृढवर्मा राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्वांनी तिथल्या तळ्यावरच्या देवीच्या गुरवाघरी जन्म घेतला होता. नाव होते सोमिल. वडील गेल्यावर देवीची पूजा त्याच्याकडे आली आणि कौल लावायचे कामही आले.

कौल म्हणजे काय, तर देवीच्या शिळेवर उजव्या-डाव्या अंगाला दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारणाऱ्याने शिळा धुवायला पाणी मात्र स्वतःच्या घरचे आणायचे. राजा असो की रंक, हा नियम सर्वांना सारखा.

त्या वर्षी पावसाने दगा दिला. तळ्यात पाणी होते, पण खालच्या कुंभारवाडीच्या विहिरीने तळ गाठला. असे झाले की तळ्याची मोरी उघडायची आणि पाटाने वाडीला पाणी सोडायचे, ही वाडवडिलांपासूनची रीत. पण राजाने नुकत्याच नव्या नावा करवून घेतल्या होत्या. पाणी उतरले तर नावा चिखलात रुतणार, आणि पाहुणे तर यायचे होते. राजाने देवीला विचारले, "मोरी बंदच ठेवू ना?"

डावी पाकळी पडली.

"वाऱ्याने पडली असेल," राजा म्हणाला. पुन्हा कौल लावला, पुन्हा डावीच पडली.

"महाराज, देवीने दोनदा सांगितलं," सोमिल म्हणाला. "वाडीत माणसं तहानेली आहेत."

"उद्या पाहू," म्हणून राजा उठला.

दुसऱ्या दिवशी पाकळ्या राजाच्या हुजऱ्याने लावल्या, सोमिलाला गाभाऱ्यात येऊ दिले नाही. या खेपेस उजवी पडली. लगेच दवंडी फिरली की देवीची आज्ञा झाली, मोरी बंद राहील.

मंडळी गेल्यावर सोमिल शिळा पुसायला गेला, तर डावी पाकळी निघेना. ओढून ती फाटली तरी बुडखा जागचा हलेना. नखाने खरवडले तेव्हा बोटाला डिंक लागला.

त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. काय म्हणावे या माणसाला? देवीला विचारायचे, वर तिचे तोंड बंद करायचे आणि पुन्हा तिच्याच नावाने दवंडी पिटायची. न विचारता मोरी बंद ठेवली असती तर निदान पाप एकच झाले असते. झोपलेल्याला जागे करता येते, झोपेचे सोंग घेतलेल्याला कोण जागे करणार?

सोमिलाला डिंक सापडल्याची राजाला कुणकुण लागली. निरोप आला की गप्प राहिलास तर राजवाड्यातल्या देवळाची पूजा तुझी, धान्य-वस्त्र जन्मभर. सोमिलाने निरोप्याला सांगितले, "तिथल्या देवालाही डिंक लावायचा असेल, तर दुसरा माणूस बघा म्हणावं."

पुढे राजा वाजतगाजत देवीची ओटी भरायला आला. त्याच वेळी वाडीतली धवला कुंभारीण पायऱ्या चढून आली. तिच्या हातात एक लहानसे गाडगे होते आणि त्यात गढूळ पाणी होते.

"गुरवदादा, आमचा कौल लावा," ती म्हणाली. "वाडी सोडून जावं का, एवढंच विचारायचंय. घरात हेच पाणी उरलंय."

"आणि पोरांना?"

"सकाळी घोटघोट पाजलं. पण देवीला विचारायचं तर शिळा धुवायला नको का?"

सोमिलाने गाडगे हातात घेतले. त्याला ते ओतवेना. त्याने ते तिला परत दिले आणि ज्या बोटाला डिंक लागला होता ते बोट राजापुढे जाऊन धरले.

"महाराज, ही बाई पोरांच्या तोंडचं पाणी घेऊन देवीचं ऐकायला आली आहे. जा म्हटलं तर घरदार सोडून जाईल. आणि तुम्ही, तळंभर पाण्याचे धनी, तुम्ही देवीच्या पाकळीला डिंक लावलात."

"जीभ आवर, सोमिला," राजा म्हणाला. "नाहीतर छाटली जाईल."

"छाटा. पण आधी एवढं सांगा. देवी काय म्हणते ते तुम्हाला खरंच कळलं नव्हतं, तर डिंक कशाला लागला?"

धवलाला यातले निम्मेही कळले नव्हते. "पाकळ्या लावा की दादा," ती काकुळतीने म्हणाली, "पोरं वाट बघताहेत."

"लावू नकोस," राजा हळूच म्हणाला. "मला पहिल्याच दिवशी कळलं होतं." तो तसाच भरजरी वस्त्रांनिशी तळ्याकाठच्या चिखलात उतरला आणि मोरीची फळी त्याने स्वतःच्या हाताने ओढली.

पाटाला पाणी लागले. पण दवंडी फिरली त्यानंतर वाडीत एक तापकरी मूल पाण्यावाचून गेले होते. सोमिलाने राजाला क्षमा केली, पण ते मूल त्याने राजाला कधी विसरू दिले नाही.

ही कथा सांगून झाल्यावर भिक्षूंना उपदेश करणारे शास्ते समोर बसलेल्या भिक्षू मंडकाला म्हणाले, "मंडका, त्या जन्मी तो राजा तूच होतास. आजही सांगितलेलं काम टाळायला तू मला विचारायला येतोस आणि मनाजोगतं उत्तर मिळेपर्यंत विचारतच राहतोस. ती कुंभारीण म्हणजे दाराशी बसलेली उपासिका सोणा, आणि तो गुरव मी. सांगितलेलं पहिल्यांदाच आत शिरू देतं, ते मन मृदू. तुला मी सांगतो आहे तो गुण हाच, मृदुता."

मंडक काही विचारणार होता. त्याने विचारले नाही. तो उठला आणि सांगितलेल्या कामाला लागला.